पावणेदहाची ओहोटी

संपादकांनी माझ्याकडे इंटरनेटच्या धंद्यातले किस्से मागितले, आणि हलकंफुलकं असलं तरी चालेल म्हणाले. माझ्याकडे तसे दोन किस्से आहेत. तिसरा तसा नाही. पहिले दोन मी तिसऱ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागावा म्हणून लिहितो आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

मी मूळचा माकुणसारचा, केळीच्या वाडीतला. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला होतो. ती गेली तेव्हा चाळिशी उलटली होती. लिहिता बरं येतं म्हणून एकाच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहून दिला. तेव्हा कळलं की मजकुराला कोणी विचारत नाही. मजकूर शोधात वर आणणाऱ्याला विचारतात. मग मी वर आणायला शिकलो. बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली घेतली आणि बारा वर्षं तेच केलं.

बाहेरच्या माणसाला हे काम असं सांगतो. बाजारात नवी मासेवाली बसली, तर तिची सुरमई ताजी आहे की शिळी हे लांबून येणाऱ्याला कळत नाही. पण चार जुन्या बायका बोट दाखवून म्हणाल्या, "तिच्याकडे जा," तर गिऱ्हाईक जातं. इंटरनेटवर शोध घेणारं यंत्र असंच चालतं. त्याला मजकूर खरा की खोटा हे फारसं कळत नाही. कोण कोणाकडे बोट दाखवतं, तेवढं ते मोजतं. या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. माझा धंदा मासे विकण्याचा नव्हता. चार बायकांना बोट दाखवायला लावण्याचा होता.

यादवजी नावाचे एक गिऱ्हाईक होते. एमआयडीसीत त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप. बॉयलरची दुरुस्ती शोधणाऱ्याला त्यांचं नाव पहिलं दिसावं, एवढीच इच्छा. महिनाभराने मी त्यांना लिंकची यादी दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, मग पाठच्या टाकीवर हातोडी मारली आणि कान लावून आवाज ऐकला.

"देखो भाई," ते म्हणाले, "हमारे यहाँ जोड़ ठोक के देखते हैं. कच्चा होगा तो आवाज़ बता देगी. आपका जोड़ कहाँ ठोकूँ?"

मी हसलो आणि म्हणालो, "यादवजी, इसको ठोकते नहीं, गिनते हैं."

"तो फिर फटेगा किसके मुँह पे, ये कैसे पता चलेगा?"

हा किस्सा मी पुढे कितीतरी लोकांना विनोद म्हणून सांगितला. माझी सांगण्याची ढब चांगली होती. लोक हसायचे.

दुसरा किस्सा सुनंदाचा. सुनंदा नावाची कोणी बाई नव्हती. ते मीच होतो. शाळा, वाचनालयं, गावांची मंडळं यांच्या वेबसाइटवर जुन्या, बंद पडलेल्या लिंक असतात. त्या शोधायच्या आणि एक नम्र पत्र पाठवायचं: आपल्या पानावरची अमुक लिंक उघडत नाही, माझ्या मुलाला अभ्यासाला अडचण आली, त्याऐवजी ही दुसरी उपयुक्त लिंक देता येईल का पाहावे. दुसरी लिंक अर्थातच माझी. पुरुषाच्या नावाने पत्र गेलं तर उत्तर येत नसे. म्हणून सुनंदा, गृहिणी, एका मुलाची आई. एका मुख्याध्यापिकेने उलट लिहिलं होतं, "तुमच्यासारख्या जागरूक पालकांमुळे आम्हाला बळ मिळतं." ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्या बाईंना उत्तर काय देणार? मुलगा कितवीत आहे ते तरी ठरवून ठेवा."

आता तिसरा.

लोकांसाठी करताना मी स्वतःचाही एक ब्लॉग काढला होता, किनाऱ्यावरच्या गावांबद्दल. सुरुवातीला मन लावून लिहीत होतो. पण चांगलं लिहिलेलं दिवसाला वीस जण वाचायचे, त्यातले निम्मे नातेवाईक. मग मी धंद्याची नजर लावली. लोक काय लिहून शोधतात ते पाहिलं. किनाऱ्यावर येणारे पर्यटक सारखं एकच शोधत होते: आज भरती कधी, ओहोटी कधी. मी प्रत्येक गावाच्या नावाने एकेक पान काढलं. घिवलीचं पान त्यातलंच. वर गावाचं नाव, खाली आजची तारीख, त्याखाली भरती-ओहोटीच्या वेळा आणि शेवटी एक वाक्य: 'ओहोटीच्या तासभर आधी निघालात, तर खडकांवर निवांत फिरता येईल.'

हे वाक्य लिहिताना मी घिवलीच्या खडकावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मला पोहताही येत नाही.

सुरुवातीचे तीन महिने मी रोज सकाळी चहा पिताना तक्त्यावरून वेळा भरायचो. सुनंदाने तोवर पुष्कळ पत्रं पाठवली होती. दोन शाळांनी लिंक दिली, एका वाचनालयाने दिली, चार-पाच घरगुती मुक्कामाच्या ठिकाणांनी दिली. पान हळूहळू वर सरकत पहिलं आलं. नीट वेळा देणारी पानं त्याच्या खाली गेली.

शोधयंत्राला ताजेपणा आवडतो. म्हणून मी पानावरची तारीख आपोआप बदलेल अशी सोय केली होती. मध्यरात्र उलटली की पान नव्या दिवसाचं व्हायचं. वेळा मात्र हातानेच भराव्या लागत. एकदा दुसऱ्या कामाच्या गडबडीत दोन दिवस वेळा भरल्या नाहीत. पान पहिलंच राहिलं. आणखी चार दिवस भरल्या नाहीत. तरी पहिलंच. मग मी भरायचं सोडून दिलं. विसरलो असं मी स्वतःला सांगू शकलो असतो, पण ते खरं नाही. रोज ते पान उघडून पाहत होतो, किती लोक आले ते बघायला. वेळा जुन्या आहेत हे मला दिसत होतं. पान जागेवर होतं, एवढं मला पुरेसं होतं. माझा हिशेब असा, की पर्यटक तासभर इकडेतिकडे झाला तर वाळूत बसेल, आणि गावातली माणसं काही फोन बघून समुद्रात जात नाहीत.

गावात एक जण फोन बघून जात होती.

त्या पानाखाली वाचकांना प्रतिक्रिया लिहायची सोय होती. प्रतिक्रिया वाढल्या तर पानाला बरं, म्हणून मी त्या मागत असे. वाचत मात्र नसे. प्रत्येकीखाली आपोआप उत्तर पडायचं. एका दुपारी आकडे पाहताना मी सहज खाली सरकलो, तेव्हा हे दिसलं. सहा आठवड्यांपूर्वीचं होतं.

'तुमी ओहोटी पावणेदहा लिवली होती. पाणी सव्वाआठलाच फिरलं. माझा हात गेला. खरी वेळ लिवा. रंजना, घिवली.'

आणि त्याखाली माझं उत्तर: 'धन्यवाद. असेच वाचत राहा, इतरांनाही सांगा.'

मी तारीख ताडून पाहिली. मी शेवटच्या वेळा भरल्या त्या शुद्ध पंचमीला. ती गेली तो दिवस, तक्त्यात सव्वाआठची ओहोटी शोधली तर, वद्य तृतीयेचा. मध्ये तेरा दिवस. पंधरवड्याने समुद्र जवळजवळ त्याच वेळांवर परत येतो, म्हणून माझी वेळ पूर्ण चुकीची दिसली नसती. भरतीच्या जागी ओहोटी लिहिली असती, तर समोर पाणी बघून ती मागे फिरली असती. माझी वेळ दीड तासाने चुकलेली होती. फसायला बरोबर तेवढीच चूक लागते.

पान मी त्याच क्षणी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी घिवलीला गेलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. 'हात कापला ती' म्हटल्यावर लोक दाखवत होते. सासू हिराबाई अंगणात बोंबील उलटत होत्या. मी कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "किनाऱ्यावरच्या कामांवर लिहितो. खडकावरची शिंपल्यातली कालवं कशी काढतात, ते विचारायला आलोय." हे वाक्य मी वाटेत ठरवलं नव्हतं. सुनंदाला जशी सवय होती तशी मलाही झाली होती.

"कालवांचं तिला विचारा," हिराबाई आत बोट करून म्हणाल्या. "लई शिकलेली हाय. फोनमदी दर्या बगते."

आतून एक पंचविशीची बाई चहा घेऊन आली. कप डाव्या हातात. उजव्या तळव्यावरून मनगटापर्यंत गुलाबी व्रण गेला होता, आणि शेवटची तीन बोटं सरळ ताठ होती.

हिराबाई मला सांगत होत्या, पण ऐकवत तिला होत्या. "मनोरची हाय. तिकडं नदी, तीबी उन्हाळ्यात आटते. हिला दर्या काय कळनार? मी बोईसरच्या बाजाराला गेली सुकी मासळी घेऊन. ही एकटी गेली कालवांना. पार शेवटच्या खडकावर. पाटी भरली, मागं वळून बगते तर मदल्या चरीत पाणी छातीला. घसरली, खडक धरला, कालवांच्या धारेनं हात फाडला. होडीवाल्यांनी काढली म्हणून हाय. मला एक शब्द विचारला असता. आमी काय मेलो होतो?"

"मग का नाही विचारलं?" मी रंजनाला विचारलं. आता आठवलं की लाज वाटते. तो प्रश्न मी लेखकाच्या ऐटीत विचारला होता.

 उत्तर हिराबाईंनीच दिलं, त्यांच्या नकळत. "काय विचारनार? सा म्हयने झाले लगनाला, साधी भरतीची येळ म्हाईत नाय, लोक हसतील का नाय?"

माझा वाचक कोण होता, ते मला त्या अंगणात कळलं. घरात विचारलं की टोमणा मिळतो, आणि फोन टोमणा मारत नाही, म्हणून फोनला विचारणारं माणूस. बारा वर्षं पानावर येणाऱ्या ज्या गर्दीला मी ट्रॅफिक म्हणत होतो त्यात अशी किती माणसं होती, देव जाणे.

"आता काटे काडायला बसली तर सुरी धरता येत नाय," हिराबाई म्हणाल्या. "मी पोराला बोलली, ठेव तिला थोडे दिवस मनोरला. हितं काय करनार? फोनचा दोस म्हने. फोन काय बुडवतो काय कोनाला?"

ही सांगायची वेळ होती. वाक्य तोंडात तयार होतं. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि निघालो.

रस्त्यापर्यंत रंजना मागून आली. माझी पिशवी अंगणात राहिली होती, ती द्यायला.

"तुमी कालवांवर लिवनारे नाय," ती म्हणाली. "तुमचा फोटो होता त्या पानाखाली. तुमी आल्याबरोबर मी वळखलं."

माझ्या तोंडून निघालं, "मग सासूबाईंना सांगितलं का नाही?"

"मी सांगून झालंय. माझं कोन ऐकतंय? मला वाटलं तुमी सांगाल." तिने पिशवी डाव्या हातात घेतली. "म्हणून चहा केला."

तिने पिशवी दिली आणि ती परत गेली.

यानंतर मी धैर्याने वागलो असतो, तर हा लेख इथे संपला असता. मी दहा आठवडे गेलो नाही. काम बंद केलं, खोली सोडली, ब्लॉग मिटवला, आणि हे सगळं म्हणजेच प्रायश्चित्त आहे अशी समजूत करून घेतली. घरी चिडचिड करायचो. एक दिवस बायको म्हणाली, "तुम्ही खोली बंद केलीत त्याने त्या मुलीचं काय झालं? ती आहे कुठे, घिवलीला की मनोरला?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो.

ती घिवलीतच होती. नवऱ्याने धाडायला नकार दिला होता, पण घरात तिच्याकडे पाणी भरायचं आणि झाडलोटीचं काम उरलं होतं. मासळीला तिला हात लावू देत नव्हते. हिराबाई दारात बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पान माझं होतं. तारीख आजची पडायची, वेळा जुन्या होत्या, हे मला माहीत होतं. तुमच्या सुनेने वाचलं ते तसंच लिहिलेलं होतं, तिची चूक नव्हती. मागच्या वेळी मी खोटं बोललो.

त्यांना पान, लिंक वगैरे कळावं म्हणून मी पुन्हा सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला. सगळं कळलं होतं.

"तू कदी उतरला व्हतास आमच्या खडकावर?"

"नाही."

"कुटं बसून लिवायचास?"

"बोईसरला."

"बोईसरला बसून आमचं पाणी लिवायचास."

 शिव्या देतील असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मी हिला चार म्हयने बोलते हाय. उठता बोलते, जेवताना बोलते. तुला सांगायला चार म्हयने लागले. ते माझं बोललेलं आता मी कुटं ठेवू?"

 

मग त्यांनी मान न वळवता आत हाक मारली. "रंजे, आज तिथी कोनती?"

"पंचमी," आतून आवाज आला.

"मंग?"

"पाचाची पाऊनपट. पावनेचारला भरती. म्हंजी सकाळी पावनेदहाला पाणी फिरलं."

किनाऱ्यावरचा हा साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी. अमावास्येनंतर आणि पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून सुरू. हिराबाईंनी तो तिला शिकवला नव्हता. तिने तो कोणाकोणाकडून विचारून, टोमणे खात, हात गेल्यानंतर शिकून घेतला होता. मी एकही लिंक न मिळवता चार ओळींत इथे लिहिला, तो माझ्या सबंध ब्लॉगपेक्षा जास्त खरा आहे. आणि त्या दिवशी पंचमीच होती. माझ्या पानावरची वेळ, पावणेदहा, त्या एका दिवशी बरोबर होती.

हिराबाई उठल्या. सुकलेल्या बोंबलांची पाटी त्यांनी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि रंजनाला म्हणाल्या, "हे निवड. डाव्या हातानं जमंल तेवडं." मला बस म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत. 

निघताना रंजनाने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "हे पन तुमचंच का?"

दुसरीच वेबसाइट होती. नाव अनोळखी, रंग वेगळे. वर 'घिवली', खाली आजची तारीख. त्याखाली वेळा, आणि शेवटी: 'ओहोटीच्या तासभर आधी निघालात, तर खडकांवर निवांत फिरता येईल.'

माझं पान पहिलं असताना कोणीतरी ते पूर्ण उचललं होतं. माझं गेलं तेव्हा माझी जागा त्याला मिळाली. घरी येऊन शोधलं, तर तशी आणखी दोन निघाली. तारीख रोज बदलते. वेळा हलत नाहीत. 'निवांत' हा शब्द तिन्ही ठिकाणी आहे.

तेव्हापासून मी पत्रं लिहितो आहे. त्या वेबसाइट चालवणाऱ्यांना, त्यांना लिंक देणाऱ्यांना, शोधयंत्राच्या तक्रारीच्या पत्त्यावर. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गावाच्या पत्त्यासकट, काय घडलं ते सांगून. सुनंदाच्या पत्रांना उत्तरं यायची, कौतुकही व्हायचं. माझ्या एकाही पत्राला आजवर उत्तर नाही. सुनंदाच्या नावाने एक लिहून पाहावं असं दोनदा मनात आलं. लिहिलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही. भीती वाटते की तिचं ऐकतील.

आता रोज सकाळी एवढंच करतो. पंचांगात तिथी बघतो, पाऊणपट करतो, आणि रंजनाला फोन करून विचारतो, बरोबर आहे का. ती कधी "हो" म्हणते, कधी "वाऱ्याचा जोर हाय, अर्धा तास आदी धरा" म्हणते. दुसरं काही बोलत नाही. मग मी त्या तिन्ही पानांखाली प्रतिक्रिया लिहितो: 'वर दिलेली वेळ चुकीची आहे. आजची खरी ओहोटी इतक्या वाजता. शेवटच्या खडकावर एकट्याने जाऊ नका.' खाली माझं नाव.

दोन पानांवर ती दिसत नाही. तिसऱ्यावर दिसते, आणि मिनिटभरात तिच्याखाली उत्तर येतं: 'धन्यवाद. असेच वाचत राहा, इतरांनाही सांगा.'